शिकेकाई, खोबरेल आणि वसईचें पाणी

'विरारला राहावयास आल्यापासून केस गळूं लागले,' ही तक्रार वसई-विरार भागांतील पुष्कळ घरांत ऐकूं येते आणि तिचा शेवट बहुधा एकाच निर्णयानें होतो : येथलें पाणीच वाईट. मग दुकानांतून एक बाटली येते, तिच्यामागून दुसरी, तिसरी. न्हाणीघरांतील फळीवर जागा उरत नाहीं, तेव्हां घरांतील एखादी वडीलधारी बाई म्हणते, 'अग, आमच्या वेळीं शिकेकाई होती, खोबरेल होतें, आणि केस कमरेच्या खालीं जात असत.' येथून दुसऱ्या टोकाचा प्रवास सुरू होतो. बाटल्या फेंकल्या जातात आणि चेहऱ्याला लिंबू, डोक्याला खाण्याचा सोडा, अंगाला हळद असे प्रयोग चालूं होतात. बाटलीवरील जाहिरातीवर डोळे मिटून विश्वास ठेवणें आणि परसांतील पानावर डोळे मिटून विश्वास ठेवणें यांत मला तरी फारसें अंतर दिसत नाहीं. तेव्हां श्रोतेहो, आज आपण इतकेंच पाहूं कीं, घरच्या घरीं करतां येण्याजोग्या या वस्तूंपैकीं कोणती खरोखर काम करते, तें कां करते, आणि कोणती निखालस घातक आहे.

प्रथम पाण्याचा विचार करूं. कारण आरोपी म्हणून त्याचेंच नांव पुढें येतें. वसईच्या पश्चिम पट्ट्यांत, निर्मळ, गास, भुईगांव, आगाशी या बाजूला, वाडीवाडीला विहीर असे आणि जोडीला बावखल. बावखल म्हणजे पावसाचें पाणी साठवून हळूहळू जमिनींत मुरविणारें गोड्या पाण्याचें लहानसें तळें. समुद्रकांठच्या जमिनींत गोडें पाणी हें खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. उपसा बेताचा असेपर्यंत तें वर टिकतें. उपसा वाढला कीं खारें पाणी आंत सरकतें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालीं 'हरित वसई'ची जी चळवळ उभी राहिली, तिच्यामागें वाड्यांचें हिरवेपण जाण्याची जशी चिंता होती, तशी टँकरवाल्यांच्या उपशानें विहिरी खाऱ्या होण्याचीहि होती. आज सूर्या नदीच्या धरणाचें पाणी या शहराला मिळतें. तथापि बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारती अजून थोड्याथोडक्या नाहींत.

असें पाणी बहुधा जड असतें. शालेय पुस्तकांत यालाच 'दुष्फेन' म्हणतात, आणि हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे, कारण त्यांत फेंस नीट होत नाहीं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार त्यांत विरघळलेले असतात. साबण म्हणजे तेलांतील आम्लांचा सोडियमशीं झालेला संयोग. तो जड पाण्यांत पडला कीं सोडियमची जागा कॅल्शियम घेतो आणि पाण्यांत न विरघळणारा पांढरा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी खरबरीत रेघ दिसते ती हीच, आणि साबणानें डोकें धुतल्यास हाच साका केसांवरहि बसतो. आपल्या घरचें पाणी कसें आहे, हें पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाहीं. झांकणाच्या बाटलींत अर्धी बाटली नळाचें पाणी घ्या, त्यांत अंगाच्या साबणाचा चणाडाळीएवढा चुरा टाका आणि जोरानें हालवा. दुसऱ्या बाटलींत पावसाचें पाणी घेऊन तेंच करा. एकींत फेंस टिकेल. दुसरींत पाणी दुधाळ होऊन वर दह्यासारख्या कण्या तरंगल्या, तर पाणी जड आहे असें खुशाल समजावें.

परंतु यावरून 'पाण्यानें केस गळतात' हें सिद्ध होत नाहीं. केस गळणें आणि केस तुटणें या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत. फणींत आलेला केस उजेडांत धरून पाहावा. एका टोकाला बारीक पांढरा गोळा दिसला, तर तो मुळापासून सुटला; न दिसला, तर तो मध्येंच तुटला. जड पाणी आणि साबण यांनीं केस खरबरीत होऊन तुटतात हें खरें. मुळें सैल होण्याचीं कारणें मात्र शरीरांत असतात. दिवसाला पन्नासपासून शंभरपर्यंत केस गळणें हा तर निसर्गक्रमच आहे. बाळंतपणानंतर साधारण तीन महिन्यांनीं केस मुठीमुठीनें जाऊं लागतात आणि पुढें सहा महिने ते वर्षभरांत बहुधा आपोआप भरून येतात. तापाचें मोठें दुखणें, रक्तांत लोहाची उणीव, गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा विकार यांनींहि हेंच घडतें. लग्न होऊन किंवा बाळंतपण आटपून नव्या गांवीं आलेली मुलगी पाण्याला दोष देत राहते, आणि तिकडे तिच्या रक्तांतील लोह तपासावयाचें राहून जातें. असें राहून गेलेलें दुखणें शिकेकाईनें बरें होणार नाहीं आणि बाटलीनेंहि नाहीं.

आतां शिकेकाईकडे वळूं. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या सालींत सॅपोनिन नांवाचीं द्रव्यें असतात. तीं पाण्यांत फेंस आणतात, तेल सोडवितात. परंतु तीं साबण नव्हेत, म्हणून जड पाण्यांत त्यांचा साका धरत नाहीं. शिवाय शिकेकाईचें पाणी किंचित् आम्ल असतें. केसाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला तर तो रावसाच्या अंगासारखा खवल्याखवल्यांचा दिसतो. साबणासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला कीं केस फुगतो आणि खवलें उचललीं जातात. सौम्य आम्लानें तीं पुन्हां मिटून बसतात. शिकेकाईनें धुतलेल्या केसांचा गुंता लौकर सुटतो, त्याचें मर्म हें आहे. आपल्या आज्यापणज्यांना खवलीं ठाऊक नव्हतीं. गुंता ठाऊक होता, आणि तेवढें ज्ञान त्यांना पुरलें.

येथें बाटलीवरहि अन्याय होऊं नये. बाजारांतील शांपू हा साबण नसतो. त्यांतील कृत्रिम फेंसकारक द्रव्यें जड पाण्यांतहि साका धरूं देत नाहींत. म्हणून ज्या घरांत डोक्याला अंगाचा साबण लावण्याची चाल आहे, तेथें शिकेकाई आणली काय किंवा साधा स्वस्त शांपू आणला काय, फरक तत्काळ दिसेल. गंमत अशी कीं, 'शांपू' हा शब्दच आपल्याकडचा. आपण 'चंपी' म्हणतों, त्याच हिंदी धातूपासून तो निघाला. आणि पाटण्याचे शेख दीन महंमद यांनीं विलायतेंत ब्रायटन येथें १८१४ च्या सुमारास स्नानगृह काढून तेथील बड्या लोकांना अंग चोळून घेण्याची ही कला शिकविली. पुढें शब्द तिकडेच राहिला आणि बाटलींत भरून परत आला.

करण्याची रीति सोपी आहे, पण वेळखाऊ. शिकेकाईच्या शेंगा दोन भाग, बी काढलेला रिठा एक भाग आणि वाळलेला आंवळा एक भाग घ्यावा. एका न्हाणाला मूठभर मिश्रण पुरतें. रात्रीं तांब्याभर पाण्यांत भिजत घालावें, सकाळीं मंद आंचेवर उकळावें, निवाल्यावर हातानें कुस्करून स्वच्छ कापडांतून गाळावें. गाळणें महत्त्वाचें आहे; बाजारची शिकेकाईची भुकटी तशीच डोक्यावर थापली तर तिचे कण दोन दिवस विंचरून निघत नाहींत. पात्र स्टीलचें किंवा कल्हई केलेलें असावें. लोखंडी कढईंत आंवळ्यांतील तुरट द्रव्याचा लोखंडाशीं संयोग होऊन काढा शाईसारखा काळा पडतो. पिकल्या केसांना काळसर झांक आणण्यासाठीं कित्येक बायका हें मुद्दाम करीत. ज्यांना तें नको, त्यांनीं कढई टाळावी. हें पाणी डोळ्यांत गेल्यास भयंकर झोंबतें, आणि रिठा अधिक झाल्यास डोळ्याला इजाहि होऊं शकते; म्हणून लहान मुलांना नुसत्या रिठ्यानें न्हाऊं घालूं नये. शांपूसारखा ढीगभर फेंस येथें यावयाचा नाहीं. फेंस म्हणजे स्वच्छता ही समजूत जाहिरातींनीं आपल्या मनांत रुजविली आहे, ती तेवढी काढून टाकावी लागते.

खोबरेलाचा प्रश्न वसईला परका नाहीं. वाडींत माड असले कीं घरीं तेल काढणें आलेंच. ताजे नारळ खवून, वाटून दूध पिळावयाचें आणि तें जाड बुडाच्या भांड्यांत आटवीत बसावयाचें. तासाभरानें दूध फाटतें, मग खाली चोथा तांबूस होऊं लागतो आणि वर पाण्यासारखें स्वच्छ तेल सुटतें. चोथा करपण्यापूर्वीं उतरवावें, नाहींतर तेलाला जळका वास येतो. चार-पांच नारळांचें जेमतेम वाटी-दीड वाटी तेल निघतें, त्यावरून या खटाटोपाची कल्पना यावी. तान्ह्या मुलांच्या अंगाला हेंच तेल लावण्याचा प्रघात कोंकणपट्टींत सर्वत्र आहे, आणि गोंव्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत लग्नाच्या आदल्या दिवसांत वधूवरांना नारळाच्या दुधानें न्हाऊं घालण्याचा 'रोस' हा विधि आहे. विकतचें तेल तपासावयाचें असल्यास थंडीची वाट पाहावी. शुद्ध खोबरेल २४-२५ अंशांच्या खालीं गोठतें. पौषांतल्या पहांटे बाटली उन्हांत ठेवावी लागली नाहीं, तर तेलांत दुसरें कांहीं मिसळलें असण्याचा संभव आहे.

खोबरेल केसांना खरोखर उपयोगी पडतें काय? याचें उत्तर मुंबईंतच शोधलें गेलें. रेळे आणि मोहिले या संशोधकांनीं २००३ सालीं खोबरेल, सूर्यफुलाचें तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याविंचरण्यानें केसांतील प्रथिनांची जी झीज होते, ती तिघांपैकीं फक्त खोबरेलानें लक्षांत येण्याजोगी कमी झाली. कारण असें दिलें गेलें कीं, खोबरेलांतील मुख्य आम्लाचा, लॉरिक आम्लाचा, रेणू लहान व सरळ असल्यानें तो केसाच्या आंत शिरतो आणि पाण्यानें केस फुगूं देत नाहीं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेंतील होते, ही गोष्ट श्रोत्यांपासून लपवूं नये. परंतु केलेलें काम रीतसर आहे आणि त्याचा निष्कर्ष रसायनशास्त्राशीं जुळतो. यावरून आणखी एक गोष्ट निघते. तेल लावावयाचें तें न्हाण्यापूर्वीं, केसांच्या लांबीला, आणि थोडें. (हेंच तेल खाण्याचें कीं डोक्याचें, यावर सरकार आणि तेलवाले यांच्यांत कराच्या दरापायीं वर्षानुवर्षें वाद चालला होता. लहान बाटलींतील शुद्ध खोबरेल खाद्य तेल म्हणूनहि गणतां येतें, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें दिला. वसईंतील कोणत्याहि स्वयंपाकिणीनें तो बिनाशुल्क दिला असता.)

तेलानें केस उगवत नाहींत. जास्वंदीचीं फुलें, माका, ब्राह्मी, कढीलिंब हीं घालून कढविलेलें तेल रंगानें सुंदर आणि वासानें सुखद असतें, लावून घेतांना डोकें शांत होतें, आणि एवढ्यासाठीं तें करावयास माझी मुळींच हरकत नाहीं. वसईच्या वाड्यांत जास्वंद, मोगरा, चाफा भरपूर. पहांटेच्या गाडीनें दादरच्या फुलबाजाराला जाणाऱ्या टोपल्यांतून चार फुलें घरीं राहिलीं तर बिघडलें कोठें? परंतु त्या तेलानें टकलावर केस आल्याचा भरंवशाचा पुरावा माणसांवरील प्रयोगांतून मिळालेला नाहीं. कोंड्याच्या बाबतींत तर तेल उलट वागतें. कोंड्याशीं निगडित असलेलें मलासेझिया नांवाचें सूक्ष्म किण्व तेलांतील आम्लांवरच जगतें. 'डोकें कोरडें पडलें म्हणून कोंडा झाला' असें समजून रोज तेल चोपडणारी आई त्या किण्वाला रोज जेवूं घालीत असते. कोंडा असल्यास टाळूला तेल बंद करावें, आणि कोंड्यावरील औषधी शांपू निःसंकोच वापरावा. येथें बाटलीचीच बाजू खरी.

आतां चेहरा आणि अंग. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचें उटणें आपणां सर्वांना प्रिय आहे, आणि 'उद्वर्तन' म्हणून आयुर्वेदाच्या दिनचर्येंत त्याला जुनें स्थान आहे. मसुराचें किंवा हरभऱ्याचें पीठ, नागरमोथा, वाळा, कचोरा, आंबेहळद, थोडें चंदन, एवढ्यांत उत्तम उटणें होतें. पीठ अंगावरील तेल टिपून घेतें आणि चोळण्यानें मेलेली त्वचा निघते. जादू त्यांत दुसरी नाहीं. तें वस्त्रगाळ मात्र असावें. रवाळ उटण्यानें नाजूक त्वचेवर सूक्ष्म ओरखडे उठतात, आणि तारुण्यपीटिका असलेल्या मुलीनें तर चेहरा कशानेंहि घासूं नये. हळदीच्या बाबतींत एक सावधगिरी हवी. हळकुंडांना झळझळीत पिवळा रंग यावा म्हणून शिशाचें क्रोमेट चढविण्याची लबाडी भारतांत आणि बांगलादेशांत वेळोवेळीं उघडकीस आली आहे. परसांत हळदीचा वाफा असेल, तर तिचा कंद सर्वांत विश्वासाचा.

लिंबू चेहऱ्यावर चोळूं नये, हें मी आग्रहानें सांगेन. आपली त्वचा स्वभावतः किंचित् आम्ल असते. तिचा सामू साधारण साडेचार ते साडेपांच. लिंबाचा रस दोन-अडीचपर्यंत उतरतो, म्हणजे शेंकडों पटींनीं तीव्र. त्याहून वाईट गोष्ट अशी कीं, लिंबाच्या रसांत व सालींत असलेलीं कांहीं द्रव्यें ऊन लागतांच त्वचा भाजून काढतात. फोड येतात आणि मागें राहिलेले काळे डाग कित्येक आठवडे जात नाहींत. गोरें होण्याचा उपाय काळे डाग देऊन जातो. खाण्याचा सोडा उलट दिशेनें तेंच करतो. तो अल्कधर्मी असल्यानें त्वचेचें आम्ल कवच मोडतो आणि केसांचीं खवलें उचलतो. दोन्ही वस्तूंची जागा स्वयंपाकघरांत आहे, तेथेंच त्या राहोत.

गोरेपणाचा विषय निघाला म्हणून सांगतों. बाजारी मालांत खरें विष कोठें असेल, तर तें बहुधा याच हव्यासापाशीं असतें. पारा त्वचेंतील रंगद्रव्य तयार होऊं देत नाहीं, म्हणून गोरें करणाऱ्या चोरट्या मलमांत तो घातला जातो. त्वचेंतून तो रक्तांत शिरतो आणि मूत्रपिंडांवर घाला घालतो. अकोल्यांतील एकाच कुटुंबांतील तिघींना अशा मलमानें मूत्रपिंडाचा विकार झाल्याची हकीकत २०२३ च्या आरंभीं वृत्तपत्रांतून आली होती; मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयानें तिचा छडा लावला. आपल्याकडे २०२० च्या प्रसाधन-नियमांप्रमाणें डोळ्यांभोंवतालचीं प्रसाधनें सोडून इतरांत पारा दशलक्षांत एका भागाहून अधिक असतां कामा नये. ज्या डबीवर घटक, कारखान्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक छापलेला नाहीं, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये. 'आयुर्वेदिक' किंवा 'घरगुती' असें वर लिहिलेलें असेल, तर अधिकच खोलांत जाऊन चौकशी करावी. मेंदीचेंहि तसेंच. शुद्ध मेंदी तांबूसच रंगते. तासाभरांत काळी रंगणारी 'काळी मेंदी' म्हणजे तींत केसांच्या कलपांतील पॅरा-फेनिलीन-डायअमाईन मिसळलेलें असतें, आणि त्यानें हातावर फोड उठलेल्या नवऱ्या मुली त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहींत.

घरच्या वस्तूंची मोठी अडचण टिकण्याची. बाटलींत जीं टिकाऊ द्रव्यें घातलेलीं असतात, त्यांना आपण नांवें ठेवतों. परंतु पाणी असलेला कोणताहि पदार्थ त्यांच्याविना दोनचार दिवसांत जंतूंचें शेत होतो. कोरफडीचा गर, काकडीचा रस, भिजविलेली मेथी, शिकेकाईचा काढा हीं त्या त्या दिवशींच वापरावींत. उरलेलें शीतकपाटांत दोन दिवसांपलीकडे ठेवूं नये. आषाढ-श्रावणांत तर वसईची हवा इतकी ओलसर असते कीं कोरडें उटणेंहि गोळे धरतें. तें थोडथोडें करावें, घट्ट झांकणाच्या बरणींत भरावें आणि ओला चमचा त्यांत जाऊं देऊं नये. बुरशीचा वास आला तर मोह न धरतां टाकून द्यावें. कोणतीहि नवी वस्तु, मग ती परसांतील असो वा दुकानांतील, प्रथम कोपराच्या आंतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस पाहावी. खाज, लाली किंवा पुरळ उठल्यास ती वस्तु कितीहि नैसर्गिक असली तरी आपल्यासाठीं नव्हे.

डोक्यावर नाण्याएवढे गुळगुळीत चट्टे पडले, टाळूला पू झाला, किंवा तीनचार महिने केस मुळापासून जातच राहिले, तर घरगुती प्रयोग तेथेंच थांबवून त्वचेच्या डॉक्टरांकडे जावें.

शिकेकाई विकत घेतांना भुकटी न घेतां शेंगा घ्याव्यात. त्या तांबूस-तपकिरी, सुरकुतलेल्या आणि वाजणाऱ्या असाव्यात, भोकें पडलेल्या नसाव्यात. वैशाखांत चारपांच दिवस कडक ऊन दाखवून डब्यांत भरल्या कीं पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरतात. रिठ्याची बी फोडून वेगळी काढण्याचें काम त्याच दिवसांत उरकावें. एकदां हवा दमट झाली कीं त्याची साल चिवट होते आणि बी सोडीत नाहीं.